निळ्या कोटवाल्यांना नावं

"कुणाला नावं ठेवायची नाहीत. कळलं? आणि—"

हा मावशीचा आवाज. ती धुतलेल्या चादरीची घडी घालत होती, चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरलेलं, त्यामुळे शब्द जरा दबून आलेले. मुलीनं "आणि"पर्यंतच ऐकलं आणि धूम ठोकली. कारण त्याच सकाळी तिनं बाहुलीला एक नाव ठेवलं होतं, मांजरीला दुसरं, आणि जिन्याखालच्या कोळ्याला तिसरं. एवढं पाप एका सकाळीत! ती बाहुलीच्या कानाशी लागून म्हणाली, "आजपासून तू नुसती बाहुली." मांजरीलाही तसंच सांगितलं. कोळी काही सापडला नाही, म्हणून त्याचं नाव तेवढं राहून गेलं.

नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं, हे पुढे कळलं तेव्हा सगळं घर हसून लोळलं. तीही हसली. पण तोवर ती गोष्ट अंगात मुरली होती. मावशी त्या "आणि"च्या पुढे काय म्हणणार होती, ते विचारायचं राहिलं. विचारावंसं वाटलं तेव्हा सांगायला मावशी उरली नव्हती. अजूनही कधी पहाटेच्या अर्ध्या झोपेत ती चादर वाऱ्यावर हलताना दिसे, आणि त्या पांढऱ्या कापडामागे तो "आणि" अजून तसाच उभा आहे, असं वाटे.

मोठेपणी तिनं त्याचं व्रतच केलं. रोज सकाळी आंघोळ, प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या शेवटी मनातल्या मनात एक वाक्य: आज कुणाला नावं ठेवणार नाही. मग पाण्याचा पहिला घोट.

आणि योगायोग बघा, तिचा संसार पडला नेमका अशा दुकानात, जिथे संध्याकाळ झाली की नावं ठेवण्याचाच बाजार भरायचा.

दुकान स्पीकर दुरुस्तीचं. वर राहायच्या दोन खोल्या, खाली दुकान, मध्ये लाकडी जिना. तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली उस्ताद म्हणे, आणि तिला वहिनी. फाटक्या स्पीकरचा जुना कागदी कोन, म्हणजे थरथरून आवाज करणारा शंकू, कापून काढायचा, चिकटलेला डिंक पात्यानं खरवडायचा, तारेचं बारीक वेटोळं चुंबकाच्या फटीत अगदी मधोमध बसवायचं, आणि मग नवा कोन चिकटवायचा. नवे कोन छताखाली दोरीवर ओळीनं टांगलेले असत. मावळतीचं ऊन आत आलं की ते पिवळे होऊन मंद हलत, आणि तिला वाटे, अजून एकही गाणं न ऐकलेली ही तोंडं आहेत, वाट बघतायत.

शेजारी चष्म्यांचं दुकान. कान इकडे आणि डोळे तिकडे, म्हणून ह्या जोडदुकानांना लोक 'कानाडोळा' म्हणत. "कुठं निघालास?" "जरा कानाडोळा करून येतो." हा विनोद इतका झिजला होता, की आता पत्ता म्हणूनच वापरला जाई.

डिंक लावला की तो वाळेपर्यंत स्पीकरला हात लावायचा नसतो. तेवढा वेळ वादाचा. चष्मेवाले आपलं दुकान उघडं टाकून येत. तिचा धाकटा भाऊ शहराची बस चालवायचा, तो फेऱ्या संपल्या की खाकी शर्टातच येऊन स्टुलावर बसे. आणि विषय ठरलेला: कोणता रॉक बँड लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय.

बँडची खरी नावं जिभेला वळत नसत, म्हणून तबकडीच्या पाकिटावरचं चित्र बघून नवीन ठेवलेली. टोपीवाले. पावसातले. अर्ध्या मिश्यांचे. म्हणजे इथं नावं ठेवण्याचा उद्योग दोन्ही अर्थांनी चाले. आणि ह्या सगळ्यांत उस्तादांचे लाडके ते निळे कोटवाले. पाकिटावर चार माणसं, निळे कोट घालून, रिकाम्या रस्त्यावर पाठमोरी.

"निळे कोटवाले म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं," भाऊ म्हणे. "दाजी, ते गाणं आहे का माझ्या बसचा रूट? माणूस चढला, झोपला, घोरला, उठला, तरी स्टॉप येत नाही!"

"आणि तुझे टोपीवाले?" उस्ताद म्हणत. "स्टॉपवर न थांबता पळालेली बस. हात करायच्या आत गेली."

चष्मेवाल्यांचा सिद्धान्त सगळ्यांहून वेगळा. "दुसऱ्या तबकडीपर्यंत सगळे बँड चांगले असतात. तिसरीला पोट सुटतं. निळ्या कोटवाल्यांचं सुटलंय, म्हणून तर पाठमोरे उभे राहिलेत."

मग सगळे तिच्याकडे वळत. "वहिनी, तुम्ही सांगा. टोपीवाले पोकळ की भरीव?"

ती हातातलं पातं खाली ठेवून पाकीट न्याहाळी. व्रत सांभाळून खरं काय बोलता येईल, ते शोधी. "ह्या कडेच्या मुलानं बूट किती छान पुसलेत," ती म्हणे. किंवा, "केस स्वच्छ दिसतात हो सगळ्यांचे."

दुकान हसून दणाणे. "ताई, अगं, गाणं! गाणं कसं आहे?"

"बूट इतके नीट पुसणारा मुलगा गाणं वाईट कसं करील?" एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागे.

उस्तादही हसत, पण जरा उशिरा, बाकीच्यांची तोंडं बघून. कारण उस्तादांचे कान गेले होते. एकदम नव्हे. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग उकळीला आलेल्या पाण्याची शिट्टी. खालचे, जाड आवाज राहिले. वरचे बारीक आवाज एकेक करून उठून गेले, जसे पाहुणे यजमानाला न सांगता निघून जावेत. कानात घालायचं यंत्र होतं. त्यानं माणसांचं बोलणं कळे, पण गाणं लावलं की पत्र्यावर खडे ओतल्यासारखं होई. म्हणून त्यांनी ऐकणं सोडलं होतं. वाद मात्र सोडला नव्हता.

कामातही त्यांनी वाटणी करून घेतली होती. वेटोळं मध्ये बसवणं त्यांच्या बोटांचं. मग कोनावर चार बोटं ठेवून तो हलकेच खालीवर करायचा, आणि तिनं कान अगदी जवळ नेऊन ऐकायचं. वेटोळं कुठं चुंबकाला लागत असेल, तर आतून केसाएवढी खरखर येते. ती म्हणे "घासतोय", किंवा म्हणे "मोकळा". उस्ताद तिच्या ओठांकडे बघत असत.

तर एका संध्याकाळी डिंक वाळत होता आणि वाद चांगला रंगात आला होता. उस्ताद टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "तू निळ्या कोटवाल्यांचं ते लांब गाणं नीट ऐकच एकदा. शेवटी सगळे थांबतात ना, ढोल थांबतो, गिटारची जाड तार थांबते, आणि मग—"

"दाजी," भाऊ हसत हसत म्हणाला, "तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?"

बोलण्याच्या ओघात निघालेला शब्द. पण सुटला तो सुटला. चष्मेवाल्यांनी आपला चष्मा काढून पुसायला घेतला. वर टांगलेले कोनसुद्धा हलायचे थांबले, असं तिला वाटलं. भावाचं तोंड उतरलं. "दाजी, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"बरोबर आहे तुझं," उस्ताद म्हणाले. आवाज अगदी शांत. "फुगेच असतील. फुगा मोठा दिसतो, हात लावला की कळतं."

आणि वाद संपला. नुसता त्या संध्याकाळचा नव्हे. पुढच्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी मुद्दाम काडी टाकली, "काय उस्ताद, तुमचे पाठमोरे काय म्हणतात?" तर उस्ताद म्हणाले, "तुमचंच खरं. पोट सुटलंय त्यांचं." असं रोजच होऊ लागलं. भाऊ आपल्याच टोपीवाल्यांना शिव्या घालून बघे, तरी उस्ताद मान डोलावत. भांडायला समोर कुणी नसलं, की भांडण कसं केविलवाणं दिसतं! तिघेही डिंकाकडे बघत बसत, आणि डिंक काही केल्या लवकर वाळत नसे.

मग एक दिवस तिनं पाहिलं, उस्तादांनी निळ्या कोटवाल्यांची तबकडी कपाटातून काढली, बाहीनं पाकीट पुसलं, आणि शेजारी नेऊन दिली. "तुमच्या भाच्याला द्या. तरुण कान आहेत. इथं धूळ खातेय."

ती तशीच जिन्याच्या पायरीवर बसली. दुःख नुसत्या तबकडीचं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा ह्या खोल्यांत आली तेव्हा तीच तबकडी वाजत होती, आणि उस्ताद हवेत एक बोट उभं करून म्हणाले होते, "थांब, आता येईल. आता—" तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ती आत धावली. पुढेही दर वेळी असंच होत गेलं. त्यांचं बोट वर व्हायला आणि तिला काही काम निघायला एकच गाठ पडे. खरं सांगायचं तर तिला तो कलकलाट वाटे. पण तसं म्हणणं म्हणजे नावं ठेवणं. म्हणून ती म्हणे "छान आहे हं", आणि उठून जाई.

त्या दुपारी जेवणं झाली. गिऱ्हाईक नव्हतं. उस्ताद कामाच्या टेबलाशी रिकामे बसले होते. ह्या माणसाची अशी मुद्रा तिनं कधी पाहिली नव्हती. ती त्यांच्या डाव्या बाजूला, यंत्र होतं तिकडे, येऊन बसली.

"अहो, दिलीत कशाला?"

त्यांनी टेबलावरचा चुंबक हातात घेतला. मग म्हणाले, "ऐक. त्या गाण्याच्या शेवटी सगळे थांबतात. सगळे. आणि मग एक बारीक तार वाजत राहते. इतकी बारीक, की सुरू कधी झाली ते कळत नाही. ती आधीपासूनच वाजत असते, बाकीच्यांच्या गलक्यात ऐकू येत नसते, इतकंच. माझ्या डोक्यात ती अजून वाजते. रोज. काम करताना, जिना चढताना." त्यांनी चुंबकावरचा अदृश्य कण झटकला. "पण खरंच आहे का ती तिथं? का इतक्या वर्षांत मीच बनवली? लोक म्हणतात, नुसता गाजावाजा. असेलही. मला आता ऐकून बघता येत नाही. एका पोकळ गोष्टीला मी आयुष्यभर जीव लावला असेल, तर ते तरी कळू दे की."

"नाही हो. चांगलेच आहेत ते. छान—"

"तुझं छान!" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "अगं, नासलेलं दूध दाखवलं तरी तू म्हणशील, किती पांढरं आहे! तुझ्या छानवर मी काय टेकू? जे सगळ्यालाच छान म्हणतं, त्याचं छान म्हणजे—" पुढचा शब्द त्यांनी गिळला. मावशीच्या वाक्यासारखंच हेही अर्धं राहिलं.

शब्द लागला होता, पण त्यात विष नव्हतं. इतकी वर्षं जपलेलं व्रत. त्यानं कुणाचं वाईट होईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि आज ज्या एका माणसाला तिच्या शब्दाची गरज होती, त्याच्यापाशी तिचा शब्द चालत नव्हता.

"मी ऐकते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. उठणार नाही. तार असली तर असली म्हणेन. नसली तर नसली म्हणेन."

उस्तादांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, जणू एखाद्या स्पीकरचा निकाल ऐकावा. "नसली तरी?"

"नसली तरी."

"बघ हं. वचन देतेयस."

"दिलं."

"मग मी समोर नको," ते म्हणाले. "माझं तोंड बघून तू विरघळशील."

वचन देऊन झालं, आणि मग अडचणी दिसल्या. घरातले स्पीकर फाटके होते. लोकांचे स्पीकर जोडता जोडता घरच्या जोडीकडे बघायला कधी फावलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिनं दोरीवरचे दोन कोन उतरवले. जुना डिंक खरवडला. वेटोळं उस्तादांनी बसवलं, कशासाठी ते दोघांनाही ठाऊक होतं. पहिला स्पीकर झाला. त्यांनी चार बोटांनी कोन दाबला, सोडला, दाबला. तिनं कान नेला.

आत कुठंतरी केसाएवढी खरखर.

"घासतोय," ती म्हणाली.

उस्तादांनी मान हलवली, वेटोळं पुन्हा सोडवलं, फटीत कागदाच्या पातळ पट्ट्या सरकवल्या, पुन्हा मधोमध आणलं. कुणाला राग नाही, कुणाचा अपमान नाही. ती मात्र हातातलं पातं तसंच धरून बसली होती. घासतोय. हा शब्द ती रोज म्हणत होती. सकाळी देवासमोर वाक्य म्हणायचं आणि दिवसभर घासतोय, घासतोय करत राहायचं. आणि कधी एकदाही व्रत मोडल्यासारखं वाटलं नव्हतं. का बरं? तिला वाटलं, ते नावं ठेवणं नव्हतंच. ज्याला मोकळं व्हावंसं वाटतं, त्यालाच आपण घासतोय म्हणतो. आणि घासतोय म्हणणाऱ्याच्या तोंडूनच मोकळा हा शब्द ऐकावासा वाटतो.

"आता?" उस्तादांनी विचारलं.

तिनं कान नेला. कोन खाली गेला, वर आला. श्वासासारखा. आत नुसती शांतता, मऊ, खोल, जशी विहिरीत उतरत जावी.

"मोकळा."

उस्तादांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

डिंक वाळायला ठेवून ती शेजारी गेली. चष्मेवाल्यांच्या दुकानात भाऊही बसलेला, दोघं चोरासारखे. तबकडी मागायला तिला तोंड उघडावंच लागलं नाही. चष्मेवाल्यांनी चष्म्यांच्या फ्रेमांचा खण ओढला आणि तळाशी, मऊ पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली तबकडी बाहेर काढली.

"भाच्याला दिली नाही मी," ते म्हणाले. "पोरगं तिच्यावर चहाचा कप ठेवील."

"काका, मग तुम्ही ऐकलीत?" भावानं विचारलं.

चष्मेवाले खाकरले. "खरं सांगू? मी निळ्या कोटवाल्यांच्या दुसऱ्या तबकडीलाच थांबलो. ही तिसरी. पोट सुटलंय ते मी अंदाजानं म्हणत होतो. पाठमोऱ्या माणसाचं पोट कसं दिसणार?"

"आणि तू रे?" तिनं भावाकडे पाहिलं. "त्या लांब गाण्याला इतकी नावं ठेवायचास."

भाऊ टोपी फिरवत बसला. "ताई, मी पण मधल्याच स्टॉपवर उतरायचो. शेवटपर्यंत कधी गेलोच नाही." मग हळूच म्हणाला, "दाजींना सांग ना, मी चुकलो म्हणून."

"तूच सांग. डाव्या कानाशी. आणि लगेच भांडायला लाग, नाहीतर त्यांना खरं वाटायचं नाही."

म्हणजे ह्या सगळ्या वादात ते गाणं शेवटपर्यंत ऐकलेला माणूस एकच होता, आणि त्यालाच आता ऐकू येत नव्हतं. तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तबकडी पदराआड धरून ती परत आली. झोपायच्या आत दुसरा स्पीकरही मोकळा झाला, आणि ती जोडी त्यांनी खालीच दुकानात प्लेअरला जोडून ठेवली.

रात्री तिला स्वप्न पडलं. चादर दोरीवर हलत होती, आणि तिच्यामागे चार माणसं उभी होती, निळे कोट घातलेली, पाठमोरी. मावशी त्यांच्या कोटांच्या घड्या घालत होती. कुणीच काही बोलत नव्हतं. पण कुठंतरी काहीतरी बारीक वाजत होतं, का वाऱ्यानं दोरीच कुरकुरत होती, ते तिला स्वप्नातही ठरवता आलं नाही.

सकाळी ती नेहमीसारखी उठली. आंघोळ झाली. डोळे मिटून बसली. खिडकीच्या काचेवर दुधासारखा उजेड चढत होता. शेवटी ते रोजचं वाक्य आलं: आज कुणाला नावं ठेवणार नाही. आणि—

तिथं ती थांबली. आजवर ती त्या वाक्याला पूर्णविराम देऊन उठत असे. आज नाही दिला. ते "आणि" तसंच, दार किलकिलं ठेवावं तसं, उघडं ठेवून ती उठली. पाण्याचा घोट घेतला.

उस्ताद भिंतीकडे तोंड करून झोपले होते. यंत्र उशाशी डबीत. पण पाठ इतकी ताठ होती, की ही झोप नव्हे हे कुणालाही कळावं. पाठमोरे, निळ्या पांघरुणात. तिनं हसू दाबलं.

आज दूध तिनं तापायला ठेवलंच नाही. शेगडीला हात लावला नाही, बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, कुणी हाक मारली तरी जायचं नाही असं स्वतःला बजावलं. मग फडक्यात गुंडाळलेली तबकडी दोन्ही हातांनी छातीशी धरली, चपला वरच ठेवल्या, आणि अनवाणी, एकही पायरी वाजू न देता, ती दुकानाचा जिना उतरू लागली.